‘सगळे आत्ताच बोलून टाक’ : एक चुकीचा सल्ला
अपघातातून किंवा पुरातून वाचलेल्या माणसाकडून घडलेला प्रसंग लगेच सविस्तर वदवून घेतला की पुढचा त्रास टळतो, हा समज चुकीचा आहे. अशा एका बैठकीतील उजळणीने आघातोत्तर ताणविकार (भयंकर प्रसंगानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक त्रास, म्हणजे पीटीएसडी) टळत नाही आणि जागतिक आरोग्य संघटनाही ती सुचवत नाही. मात्र करकचून लागलेल्या ब्रेकचा आवाज ऐकताच छातीत धडधडणे, तो रस्ताच टाळणे, झोपेतून दचकून उठणे महिन्यानंतरही चालू राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. तिथेही आठवणींना सामोरे जायचे असते, पण प्रशिक्षित व्यक्तीच्या सोबतीने, टप्प्याटप्प्याने. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. धडधड वाढली की पाय जमिनीवर टेकवून, श्वास सावकाश सोडत समोरच्या वस्तूंची नावे घेतल्याने आधार मिळतो, परंतु तो उपचाराला पर्याय नव्हे. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते.