वय, आजार आणि एका नावाचा वाद: वृद्ध कुत्र्यांच्या आकलनशक्तीच्या ऱ्हासाची पार्श्वभूमी

डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेतील औषध नियामक यंत्रणेने सेलेजिलीन हे औषध कुत्र्यांना एका नव्या कारणासाठी देण्यास मंजुरी दिली. औषध स्वतः नवे नव्हते. माणसांच्या कंपवातावर ते आधीपासून वापरात होते आणि कुत्र्यांमध्येही पीयूषिका ग्रंथीच्या बिघाडातून उद्भवणाऱ्या एका संप्रेरक-विकारासाठी त्याला १९९७ मध्ये परवानगी मिळालेली होती. नवे होते ते माहितीपत्रकावर छापलेले कारण: 'कॅनाइन कॉग्निटिव्ह डिसफंक्शन सिंड्रोम', म्हणजेच कुत्र्याच्या आकलनशक्तीच्या ऱ्हासातून दिसणारा लक्षणसमूह. म्हाताऱ्या कुत्र्याच्या भ्रमिष्टपणाविषयी आज जे लिहिले-बोलले जाते, त्यातले बरेचसे शब्द आणि बरेचसे वादही या निर्णयाच्या आगेमागेच जन्माला आले, म्हणून पार्श्वभूमी तिथून मांडणे सोयीचे ठरते.

या मंजुरीवर घेतला गेलेला आक्षेप असा होता की, लक्षणसमूहाचे हे नाव पशुवैद्यकीय लेखनात १९९० च्या दशकाच्या मध्यास रुळू लागले आणि अवघ्या काही वर्षांत त्याच नावाच्या आजारावरचे औषधही बाजारात आले. आजाराची व्याख्या करणारे आणि औषधाचा अभ्यास करणारे यांची वर्तुळे बऱ्याच अंशी एकमेकांत मिसळलेली होती. वार्धक्याला आजार ठरवून गोळ्या विकण्याचा हा मार्ग आहे, असे म्हणणाऱ्यांना त्यामुळे आधार मिळाला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत औषध न दिलेल्या कुत्र्यांचा तुलनेसाठी गटच नव्हता आणि सुधारणा झाली की नाही हे प्रामुख्याने मालकांच्या निरीक्षणावरून ठरवले गेले. ज्याला आपला कुत्रा बरा व्हावा असे मनापासून वाटते, त्याला तो बरा झालेला दिसण्याचीही शक्यता अधिक असते. हा आक्षेप मला खरा वाटतो. मात्र त्यातून 'आजारच नाही' असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे, कारण औषध किती उपयोगी आहे आणि ऱ्हास खरोखर होतो का हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर औषध येण्याच्या कितीतरी आधीपासून मेंदूच्या ऊतींमध्ये दिसत होते.

नावामुळे काय बदलले, हे समजण्यासाठी तपासणीच्या खोलीतला जुना संवाद आठवावा लागतो. कुत्रा दार उघडण्याची वाट पाहतो, पण उभा राहतो बिजागरीच्या बाजूला. दार उघडले तरी त्याच्या पुढ्यात लाकूड आणि भिंत एवढेच उरते आणि तो तिथेच नाक टेकवून थांबतो. मालक हे सांगतो आणि उत्तर मिळते, 'वय झालं आता.' हे उत्तर खोटे नसते, पण ते बोलणे संपवणारे असते. त्यानंतर कोणी रक्त तपासत नाही, दृष्टी तपासत नाही, रात्री तो झोपतो का हेही विचारत नाही. लक्षणसमूहाला नाव मिळाल्यावर निदान पुढचे प्रश्न विचारण्याची जबाबदारी तरी निर्माण झाली, आणि त्या निर्णयाचे मोल मी औषधापेक्षा यासाठी अधिक मानतो.

मराठीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. आपल्याकडे तयार शब्द आहे तो 'म्हातारचळ'. त्यात आजारापेक्षा दोष अधिक आहे. चळ लागलेल्याने आवरायला हवे होते असा सूर त्यातून ऐकू येतो. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द सभ्य आहे, पण तो कुत्र्याच्या बाबतीत दिशाभूल करतो. घरातली माणसे विसरणे ही बहुधा सुरुवात नसते. कितीतरी कुत्रे मालकाला अखेरपर्यंत ओळखतात, मात्र त्याच मालकाच्या हाताखाली पूर्वीसारखे विसावत नाहीत, किंवा उलट त्याला क्षणभरही दृष्टीआड होऊ देत नाहीत. विसरण्याची वाट पाहणारा मालक त्यामुळे आधीची लक्षणे पाहतच नाही. 'कुत्र्यांचा अल्झायमर' हा वापर तर आकर्षक म्हणूनच अधिक जपून करायला हवा. 'आकलनशक्तीचा ऱ्हास' हा शब्दप्रयोग जड असला, तरी दिशा ओळखणे, शिकणे, लक्ष देणे, माणसांशी वागणे आणि झोपेचे चक्र सांभाळणे या सगळ्यांना तो सामावून घेतो. 'सिंड्रोम' या शब्दाचाही इथे अर्थ आहे: तो कारण सांगत नाही, केवळ एकत्र दिसणाऱ्या लक्षणांची मोट बांधतो.

अल्झायमरशी तुलना कुठून आली, हे थोडक्यात असे. वृद्ध कुत्र्यांच्या मेंदूत माणसांतल्यासारखे प्रथिनांचे साके, म्हणजे साचून राहिलेले पुंजके, आढळतात याची नोंद १९५६ मध्ये जर्मन भाषेतील एका शोधनिबंधात झाली आणि १९७० मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या अधिक बारकाईच्या अभ्यासाने तिला पुष्टी मिळाली. हे साके ज्या अमायलॉइड-बीटा प्रथिनाचे असतात, त्याची अमिनो आम्लांची साखळी कुत्र्यात आणि माणसात तंतोतंत सारखी आहे. साम्य इतके मोठे असल्यामुळे कुत्रा हा मानवी आजाराचा नमुना म्हणून पाहिला जाऊ लागला. परंतु माणसांच्या आजारात चेतापेशींच्या आत टाउ प्रथिनाचे जे गुंते होतात, ते कुत्र्यांमध्ये क्वचितच आढळतात, आणि कुत्र्यांमधले साकेही बहुतांशी विरळ, पसरट असतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वृद्ध बीगल कुत्र्यांना दोन वर्षांहून अधिक काळ अमायलॉइडविरोधी लस दिली गेली. मेंदूतले साके कमी झाले, पण हरवलेली क्षमता फारशी परत आली नाही. साके साफ केले की कुत्रा पूर्ववत होईल, ही आशा या प्रयोगापुरती तरी मावळली.

या सगळ्यात १९९० चे दशक निर्णायक ठरले ते प्रयोगशाळेतील बीगल कुत्र्यांमुळे. तोपर्यंत म्हातारा कुत्रा 'मंद झाला' असे म्हटले जाई. आता ते मोजता येऊ लागले. एका प्रयोगात कुत्र्यासमोरच्या तबकात एका जागी ठोकळा ठेवला जाई आणि त्याखाली खाऊ असे. मग तबक दूर नेले जाई, थोडा वेळ जाऊ दिला जाई आणि पुन्हा समोर येताना तबकात अगदी सारखे दोन ठोकळे असत, एक जुन्या जागी, एक नव्या. खाऊ नव्या जागीच मिळे. म्हणजे कुत्र्याला आधीची जागा मनात धरून ठेवावी लागे. तरुण कुत्रे बराच विलंब पेलत; वृद्धांपैकी काही तितकेच पटाईत राहिले, काही थोडे घसरले आणि काहींना साधा नियमही शिकता आला नाही. दुसऱ्या प्रकारात शिकवलेला नियम मध्येच उलटा केला जाई, तेव्हा वृद्ध कुत्रे जुन्याच ठोकळ्याकडे पुन्हा पुन्हा जात. माझ्या मते या प्रयोगांचे सर्वांत मोठे फलित 'काही' या शब्दात आहे. सारख्याच वयाच्या कुत्र्यांमध्ये एवढा फरक पडत असेल, तर ऱ्हासाचे सगळे खापर वयावर फोडता येत नाही.

प्रयोगशाळेतले तबक घरी आणता येत नाही, म्हणून पशुवैद्यांनी मालकांसाठी लक्षणांची यादी तयार केली. दिशाभ्रम, माणसांशी व इतर प्राण्यांशी वागण्यातला बदल, झोप-जागेपणाच्या चक्रातला बिघाड, घरात घाण करणे आणि हालचालींतला बदल, अशा पाच गटांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून DISHA हे जे लघुरूप बनले, ते मराठी कानाला थेट 'दिशा' असे ऐकू येते. पुढे त्यात चिंता आणि शिकण्याची क्षमता यांचीही भर पडली. यातले चौथे अक्षर सर्वांत अवघड आहे. घरात लघवी होण्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, संप्रेरकांचे विकार, किंवा सांधे दुखत असल्याने पायऱ्या उतरणे टाळणे, यांपैकी काहीही असू शकते. ही कारणे एकेक करून बाजूला सारल्यावरच मेंदूकडे बोट दाखवता येते. दृष्टी व श्रवण कमी होणे, रक्तदाब आणि मेंदूतील गाठ यांचाही याच रीतीने विचार करावा लागतो. माझ्या चौदा वर्षांच्या कुत्रीला मी बाहेर नेत असे, ती तिथे दहा मिनिटे हवा हुंगत उभी राही आणि आत आल्याबरोबर उंबऱ्यापाशी लघवी करी. हट्ट समजून मी तिला दोन आठवडे रागावत राहिलो. बाहेर कशासाठी आलो हेच तिच्या मनातून निसटत होते, हे मला फार उशिरा कळले, आणि याच अनुभवामुळे या चौथ्या अक्षराला मी इथे एवढी जागा दिली आहे.

किती कुत्र्यांना हे होते, याची चर्चित आकडेवारीही याच काळातली आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, इतर आजार नसलेल्या कुत्र्यांपैकी ११-१२ वर्षे वयाच्या २८ टक्के आणि १५-१६ वर्षे वयाच्या ६८ टक्के कुत्र्यांमध्ये किमान एका गटातील बिघाड आढळला. एका गटातले लक्षण म्हणजे पूर्ण आजार नव्हे, हे मात्र आकडे उद्धृत करताना हमखास गाळले जाते. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या अभ्यासाने आठ वर्षांवरील कुत्र्यांमध्ये हे प्रमाण १४.२ टक्के असल्याचा अंदाज दिला. प्रत्यक्षात पशुवैद्याकडून निदान झालेले होते केवळ १.९ टक्के. औषधामुळे आजार फुगवला गेला, या जुन्या आक्षेपाच्या शेजारी हे दोन आकडे ठेवून पाहावेत. नाव मिळून दशक उलटले तरी बहुसंख्य कुत्र्यांपर्यंत ते पोहोचलेच नव्हते. पुढच्याच वर्षी तेरा प्रश्नांची एक गुणपत्रिका प्रसिद्ध झाली, जी मालक घरी भरू शकतो. भिंतीकडे टक लावून पाहणे, कोपऱ्यात किंवा फर्निचरमागे अडकणे, येरझाऱ्या घालणे, जमिनीवर पडलेले खाणे न सापडणे, अशा रोज दिसणाऱ्या गोष्टी ती विचारते.

सांभाळण्याच्या उपायांचा इतिहास औषधाइतका वादग्रस्त नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि सुमारे पावणेतीन वर्षे चाललेल्या एका प्रयोगात वृद्ध बीगलांना ऑक्सिडीकरणरोधक घटकांनी युक्त आहार, तसेच सोबती, खेळणी, फिरणे आणि शिकण्याचे काम यांनी भरलेले वातावरण दिले गेले. दोन्हींचा लाभ झाला, आणि दोन्ही एकत्र मिळालेले कुत्रे सर्वांत पुढे राहिले. मेंदूला ग्लुकोजला पर्यायी इंधन मिळावे म्हणून मध्यम साखळीच्या मेदाम्लांवर आधारित आहाराचे निष्कर्ष २०१० पासून येत गेले. सेलेजिलीन आजही दिले जाते, पण परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागतात आणि नैराश्यावरील अनेक औषधांबरोबर ते देणे धोक्याचे असते, त्यामुळे आधीची सगळी औषधे पशुवैद्याला सांगितल्याशिवाय ते सुरू करू नये.

घरातले बदलही सांभाळण्याच्या या उपायांचाच भाग आहेत. फर्निचर व पाण्याचे भांडे जिथल्या तिथे ठेवणे, अडकण्याजोगे कोपरे बंद करणे, गुळगुळीत फरशीवर न घसरणारी चटई अंथरणे, रात्री मंद दिवा लावणे, दिवसा उजेडात फिरवून आणणे आणि झोपण्याआधी पुन्हा एकदा बाहेर नेणे, ही त्यातली मुख्य कामे. मालकांना सर्वाधिक थकवते ती रात्र. पहाटे तीन वाजता फरशीवर नखांची टकटक सुरू होते, खोलीतून खोलीत, एकाच बाजूने वळत, आणि हाक मारली तरी थांबत नाही. अशा वेळी ओरडण्याने त्याची भीती वाढते. उठून, त्याला हलकेच स्पर्श करून अंथरुणापर्यंत सोबत चालत जाण्याने कधी कधी ती टकटक थांबते.

२०२२ मध्ये पंधरा हजारांहून अधिक पाळीव कुत्र्यांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वयाच्या प्रत्येक वाढीव वर्षाबरोबर या आजाराची संभाव्यता ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि वय, आरोग्य, जात यांसारखे घटक सारखे धरल्यास निष्क्रिय कुत्र्यांमध्ये ती अतिशय सक्रिय कुत्र्यांच्या सुमारे साडेसहापट आढळली. हा आकडा 'फिरवा म्हणजे आजार टळेल' अशा घोषवाक्यात फार लवकर बसवला गेला. अभ्यास एका वेळचे चित्र टिपणारा होता. कुत्रा हालचाल करीत नाही म्हणून आकलन घटले, की आकलन घटले म्हणून त्याने हालचाल सोडली, हे त्यातून ठरत नाही. शिवाय तिसरी शक्यता उरते ती दुखण्याची. सांधे दुखणारा कुत्रा दिवसा पडून राहतो, रात्री अस्वस्थ फिरतो, हात लावल्यावर गुरगुरतो आणि बाहेर न जाता घरातच लघवी करतो. यादीतली निम्मी लक्षणे एवढ्याने भरतात, म्हणून मेंदूचे नाव घेण्याआधी पशुवैद्याने त्याचे मागचे पाय आणि पाठ हाताने चाचपून पाहणे आवश्यक असते.