युनायटेड सोमाली काँग्रेस

युनायटेड सोमाली काँग्रेस ही सोमालियाचा हुकूमशहा मोहम्मद सियाद बरे याच्या राजवटीविरुद्ध लढलेली बंडखोर संघटना होती. मध्य सोमालिया आणि राजधानी मोगादिशूच्या परिसरात वस्ती असलेल्या हाविये कुळातील परागंदा नेत्यांनी जानेवारी १९८९ मध्ये रोम येथे तिची स्थापना केली. ईशान्येकडील मजीरतीन आणि वायव्येकडील इसाक या कुळांच्या संघटना कितीतरी आधीपासून लढत होत्या. हाविये उशिरा उतरले, परंतु राजधानी त्यांच्याच टापूत असल्याने शेवटचा घाव त्यांनी घातला.

दुफळीचे बीज संघटनेच्या घडणीतच होते. राजकीय नेतृत्व रोममध्ये होते, तर सैन्याची उभारणी इथिओपियात जनरल मोहम्मद फराह ऐदीद करत होता. बरेने याच ऐदीदला पूर्वी काही वर्षे तुरुंगात डांबले होते आणि पुढे भारतात राजदूत म्हणून पाठवले होते. तिसरे केंद्र खुद्द मोगादिशूत होते. तेथील मान्यवरांनी मे १९९० मध्ये जाहीरनामा काढून राजकीय सुधारणांची मागणी केली होती आणि त्यांच्यात हॉटेल व्यावसायिक अली महदी मोहम्मद हाही होता.

डिसेंबर १९९० च्या अखेरीस राजधानीत उठाव भडकला आणि जानेवारी १९९१ च्या शेवटच्या आठवड्यात बरे पळाला. सत्ता कोणाकडे जाईल, हे मात्र आधी ठरलेच नव्हते. मोगादिशूतील गटाने इतर बंडखोर संघटनांना न विचारता अवघ्या काही दिवसांत अली महदीला देशाचा हंगामी अध्यक्ष केले. प्रत्यक्ष लढाई लढलेल्या ऐदीदला हे मान्य होणे शक्य नव्हते. जुलैमध्ये तो संघटनेचा अध्यक्ष झाला, तर त्याच महिन्यात जिबूती येथील परिषदेने अली महदीच्या पदावर शिक्कामोर्तब केले. अली महदी हावियेंच्या अबगाल उपकुळाचा आणि ऐदीद हबर गिदिर उपकुळाचा असल्याने पदाचा वाद भाऊबंदकीत उतरला.

नोव्हेंबर १९९१ ते मार्च १९९२ या काळात दोघांच्या गटांतील लढाईत दाट वस्तीवर तोफांचा मारा झाला आणि मोगादिशूची उत्तर-दक्षिण फाळणी झाली. मानवी हक्क संघटनांच्या अंदाजानुसार त्यात सुमारे १४,००० माणसे मेली. दुष्काळाने गांजलेल्या लोकांसाठी आलेले धान्यही या संघर्षात अडकले. संघटनेच्या इतिहासातील हे सर्वांत अक्षम्य पर्व होय.

फूट तेथेही थांबली नाही. ऐदीदचा प्रमुख पाठीराखा व धनपुरवठादार उस्मान अली अत्तो पुढे त्याच्याविरुद्ध उभा राहिला. ऑगस्ट १९९६ मध्ये गोळी लागून झालेल्या जखमांनी ऐदीदचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच्या गटाची सूत्रे अमेरिकी मरीन दलात सेवा केलेला त्याचा मुलगा हुसेन याच्याकडे गेली.