जुन्या सनफिल्मचा गोंद काचेला का सोडत नाही

गाडीच्या काचेवरची सनफिल्म जुनी झाली की आधी तिचा रंग बदलतो. स्वस्त फिल्मचा काळा रंग सहसा अनेक रंगद्रव्ये मिसळून साधलेला असतो. उन्हातील अतिनील किरणांमुळे ही द्रव्ये सारख्या वेगाने विरत नाहीत आणि जी टिकतात त्यांची जांभळट छटा मागे राहते. त्यानंतर फुगे येतात, कारण पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यामागे असलेल्या ॲक्रिलिक गोंदाची पकड उष्णतेने आणि किरणांनी जागोजागी सुटू लागते. अशी फिल्म काढायला बसणाऱ्याला वाटते की आपला झगडा फिल्मशी आहे. खरे तर तो गोंदाशी असतो.

हा गोंद धड घनही नाही आणि धड द्रवही नाही. कोमट पाकाची तार सावकाश ताणली तर लांबते, पण झटका दिला तर तुटते, तसाच काहीसा त्याचा स्वभाव आहे. फिल्म जितक्या वेगाने ओढावी तितका गोंद ताठ होतो, ओढण्यास लागणारा जोर वाढतो आणि शेवटी उन्हाने कमकुवत झालेला पापुद्राच चिरफाळतो. काचेवर उरतो तो बोटाला चिकटणारा करडा थर. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर फिल्म लावण्यास मनाई केल्यानंतर कित्येक गाड्यांच्या फिल्म भर रस्त्यात कोरड्याच ओरबाडून काढल्या गेल्या, तेव्हा हा थर अनेकांनी पाहिला असेल. (त्यासंबंधीचे नियम पुढे बदलले, पण तो वेगळा विषय आहे.)

उष्णता दिली की गोंद मऊ होतो आणि कमी जोर लावूनही काच सोडतो. मात्र येथे प्रमाण सांभाळावे लागते. फार तापलेल्या गोंदाची आतली बांधणीच ढिली पडते, मग तो काचेपासून सुटण्याऐवजी मधोमध फाटतो व अर्धा फिल्मबरोबर जाऊन अर्धा काचेवर राहतो. शिवाय साधारण ७० ते ८० अंश सेल्सियसच्या आसपास पॉलिएस्टरही मऊ पडून ताणले जाऊ लागते. म्हणूनच हीट गनपेक्षा (अतिशय तापलेली हवा फेकणाऱ्या यंत्रापेक्षा) कपड्यांचा स्टीमर मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्याची वाफ १०० अंशांच्या फारशी वर जात नाही आणि ओलावाही आपोआप मिळतो. कोपरा नखाने उचलावा, फिल्म जवळजवळ उलटी दुमडून काचेलगत धरावी आणि सुटणाऱ्या रेषेवर वाफ सोडत संथपणे, न थांबता ओढावी. मध्ये थांबले की तेथे गोंदाची आडवी रेघ उरते.

उरलेल्या गोंदावर साबणाचे पाणी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो फुगू द्यावा आणि मग खरवडावा. रॉकेलनेही काम होते, परंतु त्याचा तेलकट थर व वास मागे राहतो आणि खिडकीच्या रबराला ते सोसत नाही. अमोनिया फवारून वर काळे प्लास्टिक लावून गाडी उन्हात ठेवण्याची युक्तीही प्रचलित आहे. ती चालते, पण बंद गाडीत अमोनियाची वाफ डोळ्यांना व श्वासाला घातक ठरते, आणि तो ब्लीचमध्ये मिसळला गेला तर विषारी वायू तयार होतो. पोलादी ब्लेडने काचेवर सहसा ओरखडा उठत नाही. ओरखडा उठतो तो ब्लेडखाली सापडलेल्या वाळूच्या कणाने, कारण वाळूतील क्वार्ट्‌झ काचेपेक्षा कठीण असते. म्हणून काच आधी धुवावी व सतत ओली ठेवावी.

मागच्या काचेवर मात्र धातूचे ब्लेड लावूच नये. तिच्या आतल्या बाजूला डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुके घालवणाऱ्या सोयीच्या, ज्या तपकिरी आडव्या रेषा दिसतात, त्या चांदीयुक्त लेप काचेवर भाजून बनवलेल्या असतात आणि फिल्म नेमकी त्यांच्यावरच चिकटलेली असते. येथे भरपूर वाफ द्यावी, प्लास्टिकची पट्टी वापरावी आणि ती रेषांच्या दिशेनेच फिरवावी. रेषा समांतर जोडलेल्या असल्यामुळे एक तुटली तरी बाकीच्या तापत राहतात. पावसाळ्यात डिफॉगर लावल्यावर काचेवरचे धुके एका पट्ट्यात तसेच राहिले, तर त्या पट्ट्यातील रेषा बारकाईने पाहावी. तुटलेली जागा सापडल्यास ती वीजवाहक चांदीच्या रंगाने सांधता येते.