राज्यपालनियुक्त आमदारकी: अर्ज कोणाकडे, पात्रता काय आणि यादी अडते कुठे

विधान परिषदेतल्या बारा जागांची चर्चा पेपरात आली की आठवड्याभरात माझ्याकडे कोणीतरी बायोडेटा टाइप करून घ्यायला येतंच. कीर्तनकार येतात, पतसंस्थेचे माजी अध्यक्ष येतात, एकदा निवृत्त पशुवैद्यही आले होते. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: फॉर्म कुठे मिळतो?

फॉर्म नाही. ठरावीक नमुना नाही, फी नाही, पोर्टल नाही, शेवटची तारीखही नाही. परिषदेच्या ७८ पैकी ६६ जागा निवडणुकीने भरतात आणि उरलेल्या १२ राज्यपाल नेमतात, एवढं वाचून लोक थेट राज्यपालांच्या नावाने रजिस्टर पोस्ट करतात. पोच मिळते, पुढे काही होत नाही. कारण राज्यपाल ही नावं स्वतः शोधत नाहीत. मंत्रिमंडळाने शिफारस करायची आणि राज्यपालांनी तिच्यावर नेमणूक करायची, अशी ही व्यवस्था आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९५२ सालीच तसं सांगून ठेवलंय. तेव्हा तुमची फाइल जायची ती सरकारकडे. खरं सांगायचं तर सत्तेतल्या पक्षांकडे, कारण बारा जागांची वाटणी आधी तिथे होते.

आता पात्रता. भारताचं नागरिकत्व आणि वयाची ३० वर्षं पूर्ण, यात कोणी अडकत नाही. अडकतात ते रहिवासात.

निवडून येणाऱ्या सदस्याला राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव पुरतं. नियुक्त सदस्यासाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६ मध्ये वेगळी अट आहे: तो राज्याचा सर्वसाधारण रहिवासी हवा. आमच्या ओळखीचे एक शाहीर आहेत. चाळीस वर्षं महाराष्ट्रभर डफ वाजवला, पुरस्कारांनी भिंत भरली, पण घर बेळगावात, रेशनकार्ड आणि मतदान ओळखपत्र कर्नाटकाचं. पिशवीभर शालींच्या फोटोंत महाराष्ट्रातल्या पत्त्याचा एक कागद निघाला नाही. सीमाभाग आपलाच म्हणून भाषणं कितीही होवोत, कायद्याला पत्ता लागतो. (कर्नाटकातही विधान परिषद आहे, तिथे ११ जागा नियुक्तीच्या आहेत. गोवेकरांना तोही मार्ग नाही, गोव्यात परिषदच नाही.) मुलाकडे पुण्याला राहायला आलेल्यांनी पत्ता आधी बदलून घ्यावा. यादीची बातमी आल्यावर धावपळ करून काढलेला रहिवासाचा दाखला बघणाऱ्याच्या लगेच डोळ्यांत भरतो.

दुसरी अडचण विषयाची. राज्यघटनेच्या कलम १७१ मध्ये साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा अशी पाच क्षेत्रं आहेत आणि त्यांत ‘विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव’ हवा. राज्यसभेवरच्या नियुक्तीसाठी सहकार चालत नाही, इथे चालतो, म्हणून साखर कारखाना आणि दूध संघवाल्यांचा ओढा इकडे. ‘तालुकाध्यक्ष, नंतर जिल्हा सरचिटणीस’ हा अनुभव पाचांपैकी कशातही थेट बसत नाही. तो समाजसेवेच्या खात्यात घालायची आपल्याकडे रीत आहे, आणि ती बरेचदा चालूनही जाते. पण राज्यपाल आणि सरकार यांचं बिनसलं की नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं जातं. तेलंगणात जुलै २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने दोन नावं पाठवली. राज्यपाल तमिळिसाई सौंदरराजन यांनी सप्टेंबरमध्ये ती नाकारली. म्हणणं असं की दोघांच्या माहितीत राजकारण दिसतं, या क्षेत्रांतलं विशेष काम दिसत नाही. मार्च २०२४ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला. मधल्या काळात सत्ता बदलली होती, नव्या सरकारच्या शिफारशीवर दुसरे दोघे नेमले गेले होते. न्यायालयाने त्यांची नेमणूकही रद्द केली. त्या घडीला हातात काही न पडलेले असे चौघे झाले.

म्हणून बायोडेटात एकच क्षेत्र धरा. ‘कला, साहित्य व समाजसेवा’ असं तिन्हींत पाय ठेवून लिहिलं की तिन्हींचे पुरावे अर्धवट राहतात. शाल-श्रीफळाचे फोटो म्हणजे पुरावा नव्हे. पुस्तकं असतील तर प्रकाशन वर्षासह यादी द्या, शासनाचा पुरस्कार असेल तर त्याचं पत्र, संस्था असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि तुम्ही कोणत्या सालापासून कोणत्या पदावर आहात ते दाखवणारा ठराव. सहकारातल्या माणसाकडे हे कागद असतात. लोककलावंताकडे बहुधा एकही नसतो. यात्रा कमिटी सुपारी देते, पावती देत नाही. अशांनी गावोगावच्या कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांतली कात्रणं आणि आकाशवाणीचे जुने करार जपून ठेवावेत. एप्रिल २०२० मध्ये उद्धव ठाकरे यांच्या नावाची शिफारस झाली तेव्हा त्यांची छायाचित्रणाची कारकीर्द पुढे करण्यात आली होती. मुख्यमंत्र्यालाही क्षेत्र दाखवावं लागलं, मग तुम्हाला-आम्हाला चुकतं होय?

अपात्रतेबद्दल थोडक्यात. लाभाचं पद, दिवाळखोरी, कायद्यात दिलेल्या गुन्ह्यांतली शिक्षा, एवढं तपासा. महामंडळावर किंवा सरकारी समितीवर मानधनाचं पद असेल तर वकिलाला विचारा, मित्राला नको. नुसता गुन्हा दाखल असणं ही अपात्रता नाही, पण अडवायला ते निमित्त पुरतं. २०१५ मध्ये उत्तर प्रदेशात राज्यपाल राम नाईक यांनी सरकारने पाठवलेल्या नऊपैकी चारच नावं मंजूर केली होती.

मुदतीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ‘पंधरा दिवसांत निर्णय द्यावाच लागतो ना?’ नाही. ६ नोव्हेंबर २०२० रोजी महाविकास आघाडीच्या मंत्र्यांनी बारा नावांचा बंद लिफाफा राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांना दिला तेव्हा पंधरा दिवसांत निर्णय घ्यावा अशी विनंती केली होती. ती विनंती होती, नियम नव्हता. लोकांच्या डोक्यात मात्र नियम म्हणून बसली. त्या यादीत एकनाथ खडसे, राजू शेट्टी होते, अभिनेत्री ऊर्मिला मातोंडकर होत्या, गायक आनंद शिंदेही होते. म्हणजे किमान दोघांच्या कलेबद्दल कोणी शंका घ्यावी असं नव्हतं. तरी लिफाफा पडून राहिला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १३ ऑगस्ट २०२१ च्या निकालात न्यायालय म्हणालं की शिफारस स्वीकारणं किंवा परत पाठवणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे आणि आठ महिने हा काळ वाजवीपेक्षा जास्त आहे. पण घटनेच्या कलम ३६१ नुसार राज्यपाल न्यायालयाला उत्तर द्यायला बांधील नाहीत, म्हणून आदेश काही दिला नाही. कर्तव्य आहे, पण करवून घेता येत नाही! पुढे सरकार बदललं, सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने यादीच मागे घेतली आणि बाराही जण होते तिथे राहिले. यादी मागे घेण्याविरुद्धची याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली. तोवर, १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, नव्या यादीतल्या सात जणांचा शपथविधी उरकला होता. विधानसभा निवडणुकीचं वेळापत्रक त्याच दिवशी जाहीर झालं. पाच जागा तेव्हाही रिकाम्याच ठेवल्या.

हल्ली काही जण सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२५ च्या तामिळनाडू निकालाचं कात्रण घेऊन येतात: एक महिना, तीन महिने. ती मुदत विधेयकांच्या मंजुरीची होती, नियुक्तीची नव्हे. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर मत देताना अशी कालमर्यादा न्यायालयाला घालता येत नाही असं सांगितलं. ते कात्रण फाइलला लावू नका.

खरी मुदत असते ती शिफारस करणाऱ्या सरकारची. ते पडलं की तुमचं नाव पडलं. उद्धव ठाकरेंच्या वेळी तर दोन मुदती एकदम आल्या होत्या. आमदार नसताना २८ नोव्हेंबर २०१९ ला शपथ घेतलेल्या मुख्यमंत्र्याला सहा महिन्यांत सभागृहात यावं लागतं, आणि ज्या रिकाम्या नियुक्त जागेवर शिफारस झाली तिची मुदतच जून २०२० मध्ये संपत होती. ९ एप्रिलला शिफारस, २७ एप्रिलला पुन्हा शिफारस, उत्तर नाही. शेवटी राज्यपालांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहिलं, निवडणूक लागली आणि ते १४ मे रोजी बिनविरोध निवडून आले. म्हणून जागा रिकामी आहे म्हटलं की आधी विचारा, तिची मुदत किती उरली आहे.

नेमणूक झालीच तर राजपत्रात अधिसूचना निघते, शपथ होते आणि सहा वर्षं मिळतात; मध्येच रिकामी झालेली जागा असेल तर तिची उरलेलीच मुदत. नियुक्तीच्या वेळी कोणत्याच पक्षात नसाल तर सभागृहात स्थान घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत एखाद्या पक्षात जाता येतं. त्यानंतर गेलात तर पक्षांतरबंदीत पद जातं. शपथेची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि ‘राजभवनात आपला माणूस आहे, फाइल पुढे सरकवतो’ म्हणून कोणी आगाऊ रक्कम मागितली तर देऊ नका. तिथल्या कोणालाच यादीत नाव घालता येत नाही. माझ्याकडे आलेल्या पशुवैद्यांनी पैसे देऊन झाल्यावर मला विचारलं होतं.