स्टील गिटारचा अँप आणि ‘इको’ची गोडी

गणपती जवळ आले की कोल्हापुरात वाद्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. परवा भाचा स्टील गिटारसाठी अँप, म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर, घ्यायला निघाला आणि मलाही सोबत घेऊन गेला. दुकानदार एकेक अँप लावून दाखवत होता. प्रत्येक वेळी त्याचा हात आधी एकाच बटणावर जायचा. “ह्यात सोळा इफेक्ट हाईत बघा. इको वाढवला की वाजवणारा कुणीबी असू दे, गोडच वाजतंय.” भाच्यानं तार छेडली, बार सरकवला, आणि खरोखर गोड वाजलं. मी म्हटलं, आता इको शून्यावर आण आणि तीच ओळ परत वाजव. या वेळी पंचम कुठं लागलाय ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. चेहरा उतरला.

दुकानदार खोटं बोलत नव्हता. इको लावला की वाजवणं गोड वाटतं. पण ते कशामुळे वाटतं हे समजलं, तर अँप निवडण्याचा निम्मा गोंधळ संपतो.

स्टील गिटारवर फ्रेटच्या नुसत्या खुणा असतात, बोट अडवणारी पट्टी नसते. पोलादी बार तारेवर टेकवून सरकवायचा, जिथं थांबेल तिथं स्वर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हवाई बेटांवर जोसेफ केकुकूनं ही पद्धत रुजवली. पुढे १९३२ मध्ये रिकनबॅकरची विजेवर चालणारी पहिली गिटार बाजारात आली, तीही स्टील गिटारच होती. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रांनी हेच वाद्य रागसंगीतात आणलं, कारण गळ्यासारखी अखंड मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, त्यावर निघते.

या मोकळेपणाची किंमत मात्र मोजावी लागते. लॅप स्टीलच्या तारेची लांबी साधारण ५७ सेंटिमीटर असते. बार बरोबर मध्यावर, म्हणजे २८.५ सेंटिमीटरवर ठेवला की वरचा षड्ज मिळतो. जुन्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांतला २४० हर्ट्झचा सा धरला, तर तो ४८० हर्ट्झचा होईल. तारेची लांबी आणि कंपनसंख्या व्यस्त प्रमाणात, हे शाळेत शिकलेलं आठवा. बार फक्त १ मिलिमीटर चुकला की स्वर सुमारे १.७ हर्ट्झनं सरकतो. तंबोरा चालू असेल, तर दर सेकंदाला जवळजवळ दोन हेलकावे कानावर येतात. नखाच्या जाडीएवढी चूक, आणि ती लपवायला जागा नाही. इको ती जागा देतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. जुन्या धाटणीच्या अँपचं मागचं फळकूट काढा. तळाशी रेक्झिनच्या पिशवीत एक पत्र्याचा लांबट डबा असतो. त्यात दोन किंवा तीन बारीक स्प्रिंग दोन्ही टोकांना ताणून लावलेल्या असतात. अँप चालू असताना त्यातल्या एकीला नखानं हलकं टिचकावलं की स्पीकरमधून वीज कोसळल्यासारखा गडगडाट येतो. हाच स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगनं तयार होणारा घुमारा. दूरच्या टेलिफोन लाइनवर आवाजाला होणारा उशीर अभ्यासण्यासाठी अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये अशा स्प्रिंग वापरल्या गेल्या. तिथून त्या हॅमंडच्या ऑर्गनमध्ये गेल्या, आणि १९६३ मध्ये फेंडरनं व्हायब्रोव्हर्ब नावाच्या अँपच्या पोटातच बसवल्या.

गिटारचा सिग्नल एका टोकाच्या कॉइलमध्ये जातो. कॉइल तिथल्या चिमुकल्या चुंबकाला थरथरवते, चुंबक स्प्रिंगला पीळ देतो, आणि तो पीळ वळणावळणानं पुढं सरकतो. सरळ पोलादी सळईत ध्वनी सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर धावतो. स्प्रिंग मात्र मऊ आणि वजनानं जड, त्यामुळे लाट रांगत जाते. हातभर लांबीची स्प्रिंग पार करायला तिला ३० ते ४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे वेग सेकंदाला जेमतेम १० ते १२ मीटर. हवेतला ध्वनी तेवढ्या वेळात १२ मीटर जातो. म्हणजे डब्यातली स्प्रिंग सहा मीटर लांबच्या भिंतीवरून परत येणाऱ्या पडसादाचं काम करते. दुसऱ्या टोकाला काही ऊर्जा कॉइल उचलते, उरलेली परत फिरते, पुन्हा येते, आणि दर फेरीला क्षीण होते. प्रत्येक स्प्रिंगचा उशीर मुद्दाम वेगळा ठेवतात, नाहीतर पडसाद एकमेकांवर पडून डब्यातून बोलल्यासारखा आवाज येईल. शिवाय उंच आणि खर्जाचे स्वर स्प्रिंगमधून सारख्या वेगानं जात नाहीत. त्यामुळे नखीचा टोकदार आघात पसरतो आणि शेवटी ओलसर ‘टिंव्व’ असा ऐकू येतो. ज्याला तो एकदा आवडला, त्याला डिजिटल रिव्हर्ब कोरडा वाटतो.

डिजिटल अँपमध्ये स्प्रिंग नसते, तिच्या जागी आकड्यांची रांग असते. सेकंदाला ४८,००० मोजमापं घेतली, तर ३०० मिलिसेकंदांचा डिले (उशिरा येणारा पडसाद) म्हणजे १४,४०० आकडे साठवायचे आणि तेवढ्यानंतर वाचायचे. बेल लॅबमधल्याच मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला असे वेगवेगळ्या लांबीचे डिले एकमेकांना जोडून कृत्रिम घुमारा तयार केला. लांब्या एकमेकांच्या पटीत नसाव्यात, हे तत्त्व त्यातही आहेच.

आता मींड घेऊया. सा २४०, रे २७०. अर्ध्या सेकंदात सा वरून रे वर सरकलो, म्हणजे स्वर सेकंदाला ६० हर्ट्झ या वेगानं चढतोय. पडसाद ३५ मिलिसेकंद मागे असेल, तर तो सुमारे २ हर्ट्झ खाली राहतो. स्वराला किंचित पसारा येतो, इतकंच. पण ३०० मिलिसेकंदांचा डिले लावला, तर तो १८ हर्ट्झ मागे पडतो. तुमचा बार रे वर पोचला तेव्हा स्पीकरमधून २५२ हर्ट्झही वाजत असतात, आणि पुढच्याच क्षणी ते २५६ वरून, म्हणजे कोमल रिषभावरून जातात. तुम्ही शुद्ध रिषभाचा भूप राग वाजवताय आणि अँप खालून कोमल रे लावतोय. ऐकणाऱ्याच्या कानावर एक स्वर न येता स्वरांचा पट्टा येतो. त्या पट्ट्यात १ मिलिमीटरची चूक बुडून जाते, आणि त्याबरोबर बरोबर लावलेला स्वरही बुडतो. पियानोला किंवा साध्या गिटारला हा त्रास कमी, कारण तिथं स्वर पायऱ्यांनी बदलतो. कोरस इफेक्ट तर स्वराची प्रत मुद्दाम वर-खाली डोलवतो. १९७५ साली आलेल्या रोलंडच्या जाझ कोरसचा तो आवाज देखणा आहे, पण मींड शिकणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

दुकानात शेजारी उभ्या असलेल्या एकानं विचारलं, ह्यात ‘४३२ हर्ट्झ’चं सेटिंग आहे का, ते शरीराला बरं असतं म्हणे. हा आकडा सध्या फार पसरलाय. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद हे माणसानं ठरवलेलं माप. त्या आकड्यात औषध असायचं काही कारण नाही. आपल्याकडे तर षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो, आणि त्यावरच इतक्या पिढ्या मन लावून गायल्या.

मग अँप कोणता? वॅटच्या आकड्याला भुलू नका. ५०चे १०० वॅट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. तरी स्टील गिटारला वॅट राखून हवेतच, कारण पायानं आवाज कमीजास्त करणाऱ्या व्हॉल्यूम पेडलनं आघात दाबून ठेवायचा आणि तार मंदावत जाईल तसा पेडल उघडत जायचा असतो. त्यात आवाज फाटता कामा नये. १२ किंवा १५ इंची स्पीकर बरा. रिव्हर्बला स्वतंत्र बटण हवं. एकाच बटणावर कोरस, डिले, रिव्हर्ब कोंबलेले अँप मी परत ठेवायला लावले. पेडल अँपच्या आधी येतो, म्हणून पेडल मिटला तरी आत शिरलेल्या स्वराचा घुमारा मागे तरंगत राहतो. स्टील गिटारचा तो श्वास फार सुंदर आहे, आणि तेवढ्यासाठी अंगचा रिव्हर्ब हवाच.

स्प्रिंगवाल्या अँपला एक अडचण आहे. मंडळाच्या फळ्यांच्या स्टेजवर कुणी उडी मारली की डबा गडगडतो, आणि ट्रान्सफॉर्मर जवळ असला तर वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण कॉइलमध्ये शिरते. भाच्याला स्टेजवर वाजवायचंय, म्हणून आम्ही रिव्हर्बला वेगळं बटण असलेला डिजिटल अँप घेतला.

घरी आल्यावर त्यानं रिव्हर्ब शून्यावर ठेवला, तंबोऱ्याचं यंत्र लावलं आणि पाऊण तास फक्त सा ते पंचम सरकवत बसला. कार्यक्रमासाठी आम्ही बटणाशेजारी पांढऱ्या रंगाच्या दोन खुणा केल्यात. फरशी आणि पत्र्याच्या मंगल कार्यालयात शून्य, कारण तिथं खोलीच घुमते. खासबागेसारख्या उघड्या मैदानात तीन.