दर तीस सेकंदांना एक फोटो

डोंबिवलीहून सीएसएमटीला फास्ट लोकलने साधारण सव्वा तास लागतो. दर 30 सेकंदांनी आपोआप फोटो काढणारा कॅमेरा गळ्यात अडकवून हा प्रवास केला, तर जाता-येता 300 फोटो जमतील. बहुतेक समोरच्याच्या पाठीचे, कुणाच्या तरी सॅकचे आणि हँडलला लटकलेल्या हातांचे! जागेपणीचे 16 तास धरले तर दिवसाला 1920, वर्षाला सुमारे 7 लाख. एका फोटोला अर्धा एमबी धरला तरी वर्षाचा ऐवज 350 जीबीच्या आसपास जातो आणि खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये सहज बसतो. जागेचा प्रश्न केव्हाच सुटलाय. पण हे सात लाख फोटो बघणार कोण?

या प्रकाराला लाइफलॉगिंग म्हणतात. कपाळावर बांधायच्या अक्रोडाएवढ्या कॅमेऱ्याची कल्पना व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन अभियंत्याने 1945 सालीच मांडली होती. पुढे मायक्रोसॉफ्टच्या गॉर्डन बेल यांनी स्वतःची पत्रं, बिलं, फोन, ईमेल असं सगळं संगणकात साठवायला घेतलं. त्याच कंपनीच्या केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेत 'सेन्सकॅम' तयार झाला. गळ्यात घालायचा, बटण दाबायची गरज नाही. उजेड बदलला किंवा समोर माणूस आल्याची उष्णता जाणवली की फोटो निघतो.

त्याचा खरा उपयोग दिसला तो एका रुग्णावर. मेंदूच्या दाहामुळे स्मरणशक्ती गेलेल्या साठीतल्या एका ब्रिटिश बाई चार-पाच दिवसांपूर्वीचा प्रसंगही विसरून जात. प्रसंगांची लेखी डायरी ठेवून पाहिली, फारसा फरक पडला नाही. मग सेन्सकॅमचे फोटो त्या दर दोन दिवसांनी नवऱ्याबरोबर बसून पाहू लागल्या. काही महिन्यांनंतरही त्यांना ते प्रसंग आठवत होते, आणि तेही फोटो समोर नसताना. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. मेंदू प्रसंग जसाच्या तसा साठवत नाही. त्याचे तुकडे ठेवतो आणि आठवताना ते पुन्हा जुळवतो. ओळखीचं एक दृश्य दिसलं की जुळवाजुळव सुरू होते आणि दर वेळी ती थोडी पक्की होत जाते. काम केलं ते पुन्हा पुन्हा पाहण्याने. कॅमेऱ्याने फक्त सामान पुरवलं.

आपण नेमकं तेवढंच करत नाही. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर उंचावलेले हात पाहा. अर्ध्याहून अधिक हातांत मोबाइल असतो. त्यातले किती व्हिडिओ पुन्हा उघडले जातात, हे ज्याने त्याने आपल्या गॅलरीला विचारावं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तूच कमी आठवल्या. 'कॅमेऱ्यात आलंय ना' म्हणून लक्ष सैल पडत असावं. मात्र ज्यांनी झूम करून वस्तूचा एखादाच भाग टिपला, त्यांना ती चांगली आठवली. फ्रेममध्ये न आलेला भागसुद्धा. काय टिपायचं हे ठरवताना नीट बघावं लागतं. आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याला हे ठरवायचंच नसतं. खुद्द बेल यांनी 2016 साली आपण लाइफलॉगिंग थांबवल्याचं सांगितलं.

इकडे मात्र हेल्मेटवरचे कॅमेरे, डॅशकॅम, कॅमेरा बसवलेले चष्मे वाढतच आहेत. मला जास्त खटकतं ते त्या 300 फोटोंमधल्या पाठींचं आणि हातांचं. डब्यात डुलकी काढणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदाही इथे त्याच्या मदतीला येत नाही: एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. तेच फुटेज व्लॉगमध्ये टाकून त्यावर जाहिराती मिळवल्या, तर त्याला घरगुती म्हणणं अवघड जाईल. पण आपण त्या व्लॉगमध्ये आहोत हे झोपलेल्या प्रवाशाला आधी कळायला तर हवं.