एकाच रंगाची खोली: वाद भिंतींचा नाही, छताचा

भिंती, दारं, चौकटी, कंगोरे आणि छत या सगळ्यांवर एकच रंग चढवायची पद्धत गेल्या काही वर्षांत जोरात आहे, आणि ती नवी म्हणून विकली जाते. तसं नवं त्यात थोडंच आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये भिंतींना लाकूड मढवलेल्या खोल्या सर्रास एकाच रंगात असत. भिंतीचं लाकूड, वरचा कंगोरा, दार, खिडकीच्या झडपा, सगळ्यांवर एकाच भांड्यातला रंग. तोही दगडी, करडा किंवा मातकट, कारण हे रंग सर्वांत स्वस्त. जमिनीलगतची पट्टी तेवढी काळी किंवा गडद तपकिरी, म्हणजे फरशी पुसताना लागलेला मळ दिसायला नको. कंगोरे पांढऱ्या रंगाने उठवून दाखवणं म्हणजेच जुनी रीत, हा समज त्या काळाला तरी लावता येत नाही.

त्याआधी एकरंगी खोली रंगाने नव्हे, कापडाने होत असे. 1620 च्या आसपास पॅरिसमधल्या एका उमरावीणबाईंनी आपली बैठकीची खोली निळी करून घेतली. तोवर अशा खोल्या लाल किंवा तांबूस-तपकिरीच असायच्या, त्यामुळे त्या निळ्याची चर्चा खूप झाली. पुढे फ्रान्समध्ये भिंत, पलंगाचे पडदे आणि खुर्च्या एकाच रेशमाने मढवण्याची पद्धत पक्की झाली. वॉशिंग्टनमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासातली लंबगोल खोली 1837 पासून निळी आहे, ती याच वळणाची.

छत मात्र या साऱ्यातून सुटलं. आज रंगाऱ्याला ‘छतही त्याच रंगात’ म्हटलं की तो दोनदा विचारून घेतो. त्याच्या त्या शंकेमागे सौंदर्यदृष्टी कमी आणि जुनं रसायन जास्त आहे. लाकडाला लागायचा तेलरंग: जवसाचं तेल आणि शिशाचा सफेदा. ओल्या, नव्या गिलाव्यावर हा रंग टिकत नसे. चुन्यातला क्षार तेलाचा साबण करून टाकतो. म्हणून छताला डिस्टेंपर. खडूची पूड, जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस आणि पाणी, एवढंच. मेणबत्त्यांच्या आणि पुढे गॅसच्या दिव्यांच्या काजळीने छत काळवंडायचं. मग डिस्टेंपर कोमट पाण्याने धुऊन काढायचं आणि नवा हात द्यायचा. खडू मुळात पांढरा. रंग मिसळला की खर्च वाढणार, उजेड कमी होणार. छत पांढरं राहिलं ते एवढ्यासाठी.

बरं, हौस म्हणून छताला भिंतीचाच रंग द्यायचं ठरवलं तरी तो जुळला नसता. तेच रंगद्रव्य तेलात गडद आणि खोल दिसतं, डिस्टेंपरमध्ये वाळल्यावर फिकट आणि भुरकट. शिवाय तेल वर्षांगणिक पिवळं पडतं, अंधाऱ्या खोलीत तर लवकरच. दोन्ही जागी चालेल असा एकच रंग घरोघरी पोचला तो पाण्यातल्या इमल्शनमुळे, 1940 च्या दशकाच्या अखेरीनंतर. दुकानातच हवी ती छटा मिसळून मिळू लागल्यावर उरलेली अडचणही गेली. तोवर ‘छत पांढरंच’ हा नियम होऊन बसला होता. आणि नियमाला कारणं मागाहून मिळतातच: पांढऱ्याने खोली उंच वाटते, वगैरे. हे सरसकट खरं नाही. गडद भिंत जिथे संपते तिथे पांढरं छत नेमकी एक रेघ ओढतं, आणि बुटक्या खोलीत ती रेघ डोळ्यांत भरते.

रंगद्रव्यांचा इतिहास मोठा आहे. इथे दोनच गोष्टी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये एक गडद निळा रंग अपघातानेच सापडला आणि निळी खोली श्रीमंतांपुरती राहिली नाही. 1775 मध्ये सोमल आणि तांब्यापासून एक हिरवा रंग तयार झाला. एकोणिसाव्या शतकात असे सोमलाचे हिरवे वॉलपेपर घराघरांत लागले. ओल आलेल्या भिंतीवरच्या बुरशीमुळे त्यांतून विषारी वायू सुटू शकतो हे बरंच पुढे कळलं. 1810 मध्ये एका जर्मन कवीने नेहमीच्या वावराच्या खोलीला हिरवा रंग योग्य ठरवला होता. निळी खोली मोठी वाटते पण रिकामी आणि थंड, हेही त्याचंच निरीक्षण. दुसरं अजून पटतं.

मग आला पांढरा. 1925 मध्ये पॅरिसच्या एका वास्तुविशारदाने फर्मान काढावं तसं लिहिलं की प्रत्येकाने पडदे, वॉलपेपर, नक्षी काढून टाकून भिंतींना पांढऱ्या रंगाचा साधा हात द्यावा. पुढच्याच वर्षी बोर्दोजवळ त्याने बांधलेल्या वसाहतीतली घरं तपकिरी, निळी आणि फिकट हिरवी होती! 1931 मध्ये त्याने एका वॉलपेपर कंपनीसाठी 43 सपाट छटा निवडून दिल्या. छायाचित्रं कृष्णधवल असल्याने लोकांच्या मनात ठसला तो पांढराच. त्याच सुमारास, 1927 मध्ये, लंडनमध्ये एका गृहसजावटकार बाईंच्या पूर्ण पांढऱ्या बैठकीचा बोलबाला झाला. त्या खोलीत साय, हस्तिदंत, मोती असे कितीतरी पांढरे होते आणि आरशांचा पडदाही होता. मला या दोघांत बाई जास्त प्रामाणिक वाटतात.

आताच्या लाटेत पांढरा मागे पडलाय. गडद हिरवा, विटकरी, निळा चालतो. शेडकार्डावरचा तुकडा आणि रंगवलेली खोली जुळत नाही, ही तक्रार या पद्धतीत हमखास येते. सगळ्या बाजूंना एकच रंग असला की उजेड भिंतीवरून भिंतीवर आपटत जातो आणि प्रत्येक वेळी तोच रंग आणखी दाट होतो. म्हणून तुकड्यापेक्षा एक पायरी फिकट छटा घ्यावी असं सांगतात. कोपऱ्यात आणि छतावर रंग अधिक गडद दिसतो तोही बराचसा यामुळेच. दाराला चकचकीत आणि भिंतीला मॅट असा हात दिला तर एकच छटा दोन रंगांसारखी दिसते. काहींना ते हवं असतं, काहींना नको. छतासाठी मात्र बहुतेक जण मॅटच निवडतात, कारण चकाकीत गिलाव्याचे सगळे उंचवटे दिसतात.